दशांशाची चूक आणि शिक्षकाची जीभ : आपल्याच वर्गात कृतिसंशोधन कसे करावे

बडोद्यातल्या दांडिया बाजाराजवळच्या एका गुजराती माध्यमाच्या शाळेत मी सातवीला गणित शिकवते. वर्गात ४२ मुले आहेत. त्यांतली दहाबारा घरी मराठी बोलतात, बाकीची गुजराती, आणि मधल्या सुट्टीत सगळीच दोन्हींची मिसळ करतात. दशांश अपूर्णांकांचा धडा संपल्यावर घटक चाचणीत 'मोठी संख्या ओळखा' असा प्रश्न घातला की दरवर्षी निम्म्याच्या आसपास मुले ०.३ आणि ०.२५ यांपैकी ०.२५ ला मोठे ठरवत. कित्येक वर्षे मी त्या उत्तरावर लाल फुली मारून पुढच्या धड्याकडे वळत असे आणि शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना 'हल्लीची मुले लक्षच देत नाहीत' असे म्हणून मोकळी होत असे. गेल्या वर्षी मी ते म्हणणे थांबवले आणि जुलैपासून दिवाळीनंतरपर्यंत त्या एका चुकीचा पिच्छा पुरवला. त्याची रीत, तिच्यातल्या अडचणींसह, पुढे क्रमाने मांडते. उदाहरण गणिताचे असले तरी भाषा, विज्ञान किंवा इतिहास शिकवणाऱ्यालाही त्याच पायऱ्यांनी जाता येते.

या रीतीला कृतिसंशोधन म्हणतात, आणि हा शब्द उच्चारला की आपल्यापैकी बहुतेकांना बी.एड.च्या वर्षातली प्लॅस्टिकच्या वेष्टणातली फाइल आठवते. पाच प्रकरणे, आदल्या वर्षीच्या कुणाच्या तरी फाइलवरून उतरवलेली. आकडे सोयीने भरलेले. आणि शेवटी 'विद्यार्थ्यांच्या संपादणुकीत लक्षणीय सुधारणा झाली' हे वाक्य. मीही तशीच फाइल दिली होती आणि तिला चांगले गुण मिळाले होते. मूळ कल्पना मात्र अगदी साधी आहे. सामाजिक मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी १९४६ मध्ये असे सुचवले की परिस्थिती बदलण्याचा प्रयत्न करीत असतानाच तिचा अभ्यास करावा, म्हणजे योजना, कृती आणि कृतीच्या परिणामांची पाहणी असे फेरे घ्यावेत. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातील स्टीफन कोरी यांनी १९५३ पर्यंत ही कल्पना शाळेच्या वर्गात आणली. पुढे इंग्लंडमध्ये लॉरेन्स स्टेनहाउस यांनी १९७५ च्या सुमारास शिक्षक हाच आपल्या वर्गाचा संशोधक असतो, अशी भूमिका मांडली. बडोदेकरांना तर 'आधी छोट्या जागी करून पाहावे' ही वृत्ती परकी वाटू नये. सयाजीराव महाराजांनी सक्तीचे प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये आधी अमरेली तालुक्यात प्रयोग म्हणून सुरू केले आणि १९०६ मध्ये कायदा करून ते राज्यभर नेले.

तक्रारीचा प्रश्न करणे

पहिली पायरी सर्वांत अवघड आहे आणि तिच्यावर आपण सर्वांत कमी वेळ घालवतो. 'मुले लक्ष देत नाहीत', 'पालक घरी अभ्यास घेत नाहीत', 'पाया कच्चा आहे' ही सगळी विधाने कदाचित खरी असतील, परंतु ती तक्रारी आहेत, आणि त्यांतल्या एकीवरही सोमवारी सकाळी पहिल्या तासाला मला काही करता येत नाही. प्रश्नाला तीन कसोट्या लावाव्यात. तो माझ्या हातातल्या गोष्टीविषयी असावा, त्याचे उत्तर तीनचार आठवड्यांत मिळण्याजोगे असावे, आणि उत्तर माझ्या मनाविरुद्ध येण्याची शक्यता त्यात असावी. तिसरी कसोटी लोक विसरतात. 'शैक्षणिक साधने वापरल्याने मुलांची आवड वाढते का?' या प्रश्नाचे उत्तर विचारण्याआधीच ठरलेले असते.

मी पहिल्या दिवशी वहीत लिहिले, 'मुलांना दशांश अपूर्णांक का कळत नाहीत?' दुसऱ्या दिवशी ते खोडून, 'दशांश संख्यांची तुलना करताना मुले कोणता नियम वापरतात?' असे केले. आठवड्याभराने, पुढे सांगणार आहे त्या नोंदी हाती आल्यावर, प्रश्नाचे अंतिम रूप झाले : 'मी दशांश संख्या ज्या पद्धतीने मोठ्याने वाचते, तिचा मुलांच्या तुलनेच्या चुकीशी संबंध आहे का?' आरंभी 'मुलांना' असलेल्या वाक्यात अखेर 'मी' आला, एवढ्यावरून प्रश्न योग्य दिशेने निघाला आहे हे ओळखता येते.

आधीची स्थिती नोंदवणे

काहीही बदलण्याआधी वर्ग आज कुठे आहे याचा पुरावा गोळा करावा लागतो. येथे घटक चाचणीचे गुण बहुधा निरुपयोगी ठरतात, आणि ते का, हे जरा तपशिलात पाहण्यासारखे आहे.

दशांश संख्यांच्या तुलनेत मुले दोन वेगळ्या चुकीच्या नियमांनी चालतात, हे जगभर अनेक ठिकाणी आढळले आहे; मेलबर्न विद्यापीठातील के स्टेसी आणि विकी स्टाइनल यांनी या चुकांचा फार बारकाईने अभ्यास केला. पहिल्या नियमाने चालणारे मूल दशांशचिन्हानंतरचा भाग पूर्ण संख्येसारखा वाचते, त्यामुळे २५ हे ३ पेक्षा मोठे म्हणून ०.२५ मोठा. याला मी 'लांब ते मोठे' म्हणते. दुसऱ्या नियमाने चालणाऱ्या मुलाने शतांश हा दशांशापेक्षा लहान असतो एवढेच धरून ठेवलेले असते, म्हणून ज्यात शतांश आले ती संख्या लहान, असे ते मानते. हे 'आखूड ते मोठे'. आता मी दिलेल्या सहा जोड्या पाहा : ०.३ व ०.२५, २.८ व २.१७५, ०.७५ व ०.५; ३.९२ व ३.६, ०.६२ व ०.४८, ०.४ व ०.४०. प्रत्येक जोडीत मोठी संख्या सांगायची, आणि समान असल्यास 'समान' लिहायचे.

'लांब ते मोठे' मानणारे मूल पहिल्या दोन जोड्यांत चुकते, तिसरी-चौथी-पाचवी अचूक सोडवते आणि सहावी चुकते. 'आखूड ते मोठे' मानणारे मूल पहिल्या दोन अचूक सोडवते, तिसरी-चौथी चुकते, पाचवी साधारणपणे बरोबर सांगते आणि सहावी चुकते. दोघांनाही सहापैकी तीन गुण मिळतात. गुणपत्रकात दोघे शेजारी बसतात, पण एकाचे औषध दुसऱ्याला दिले तर दुसऱ्याचा आजार वाढतो. म्हणून निदानाची चाचणी बांधताना प्रत्येक चुकीचा नियम कुठे उघडा पडेल आणि कुठे योगायोगाने बरोबर उत्तर देईल, हे आधी कागदावर मांडून मगच प्रश्न निवडावेत. आणि तपासताना गुणांची बेरीज न करता उत्तरांचा आकृतिबंध पाहावा. माझ्या वर्गात पहिल्या चाचणीला ११ मुलांच्या सहाही जोड्या बरोबर आल्या, १९ जण 'लांब ते मोठे' आणि ५ जण 'आखूड ते मोठे' निघाले, आणि ७ जणांच्या उत्तरांत कोणताच नियम दिसला नाही.

भाषा शिकवणाऱ्यांनी यावरून आपली चाचणी बांधावी. मराठीच्या शुद्धलेखनात ऱ्हस्व-दीर्घ चुकणारी दोन मुले एकाच कारणाने चुकत नसतात. एकाला नियम ठाऊक नसतो, दुसरे घरी ज्या उच्चाराने बोलते तसेच लिहिते.

चाचणीनंतर प्रत्येक गटातली दोन-तीन मुले निवडून त्यांच्याशी पाच-पाच मिनिटे एकटे बोलावे. विचारायचे एकच, 'हे कसे ठरवलेस?' 'का चुकलास?' असे विचारले की मूल बचावाला लागते. आणि या पाच मिनिटांत शिकवायचे नाही. हे लिहायला सोपे आहे. प्रत्यक्षात माझी जीभ दर वेळी वळवळत असे. गप्प राहिल्यामुळेच एका मुलीचे वाक्य माझ्या हाती लागले. ती अगदी समजुतीच्या सुरात म्हणाली, "पच्चीस तो त्रण करतां मोटा ज ने, बेन?" पंचवीस तर तिनापेक्षा मोठेच ना, बाई! तिने 'शून्य पॉइंट' हा भाग उच्चारलाच नव्हता.

स्वतःचा तास ऐकणे

तिसरी पायरी म्हणजे स्वतःच्या अध्यापनाचा पुरावा. आपण वर्गात काय करतो याची आपली आठवण भरवशाची नसते, ती आपल्याला अनुकूल असते. मोबाइल टेबलावर पालथा ठेवून एका तासाचे ध्वनिमुद्रण करावे, मुलांना तसे आधी सांगावे, आणि घरी जाऊन त्यातली फक्त दहा मिनिटे शब्दशः उतरवून काढावीत. संपूर्ण तास उतरवण्याच्या भानगडीत पडू नये. ते काम पाच तास खाते आणि दुसऱ्या आठवड्यात आपण संशोधनच सोडून देतो.

उतरवलेल्या मजकुरातून काय मोजावे, याला एक जुनी आणि नेटकी चौकट उपलब्ध आहे. नेड फ्लँडर्स या अमेरिकन अभ्यासकाने वर्गातल्या बोलण्याचे दहा प्रकार केले : सात शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन विद्यार्थ्यांच्या बोलण्याचे आणि एक शांतता किंवा गोंधळाचा, आणि दर तीन सेकंदांना काय चालू आहे त्याचा क्रमांक लिहीत जायचे. आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील शिक्षणशास्त्राच्या प्रगत अध्ययन केंद्रात १९७० च्या सुमारास या पद्धतीवर आणि सूक्ष्म अध्यापनावर, म्हणजे मोजक्या मुलांपुढे थोडा वेळ शिकवण्याच्या सरावावर, बरेच काम झाले. भारतातील शैक्षणिक संशोधनाचा पहिला मोठा आढावाही प्रा. एम. बी. बुच यांच्या संपादनाखाली १९७४ मध्ये याच केंद्रातून निघाला. तरीही, एकट्या शिक्षकाने दहाही प्रकारांचा हट्ट धरू नये, असे माझे मत आहे. माझ्या दृष्टीने तीन गोष्टी पुरेशा आहेत. मी किती प्रश्न विचारले, त्यांची उत्तरे किती वेगवेगळ्या मुलांनी दिली, आणि प्रश्न विचारल्यावर मी किती वेळ थांबले.

तिसरी गोष्ट मोजायला मोबाइलमधले घड्याळ पुरते. अमेरिकन शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तो अवधी तीन सेकंदांच्या वर नेला तर मुलांची उत्तरे लांबतात, 'माहीत नाही' म्हणणारी कमी होतात आणि एरवी गप्प असणारीही बोलू लागतात. मी हे बी.एड.ला पाठ केले होते. माझ्या दहा मिनिटांत २३ प्रश्न निघाले. बहुतेक ठिकाणी मी एक सेकंदही थांबले नव्हते आणि उत्तरे देणारी मुले सहा होती. याखेरीज एक अनपेक्षित गोष्ट कानावर पडली. फळ्यावर ०.२५ लिहून मी दर वेळी 'झीरो पॉइंट पच्चीस' म्हणत होते आणि ०.३ ला 'झीरो पॉइंट त्रण'. त्या मुलीने माझेच वाक्य मला परत केले होते.

यात आपल्या भाषांचाही हात आहे. इंग्रजीत हीच संख्या 'पॉइंट टू फाइव्ह' अशी एकेक अंक सुटा करून वाचण्याची रीत आहे. मराठीतला 'पंचवीस' काय किंवा गुजरातीतला 'पच्चीस' काय, दोन अंकांचा मिळून एकच शब्द होतो आणि त्यात दोन दशांश व पाच शतांश दोन्ही विरघळून जातात. २०१९ मध्ये महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात पंचविसासाठी 'वीस पाच' असे वाचन आले तेव्हा किती गदारोळ झाला होता, हे आठवत असेल. त्या वादात मी विरोधकांच्या बाजूची होते आणि पूर्ण संख्यांपुरती अजूनही आहे.

चिंतनाची वही

ध्वनिमुद्रण रोज होत नाही. वही रोज लिहिता येते. चिंतनशील अध्यापनाविषयी, म्हणजे आपल्याच शिकवण्याकडे विचारपूर्वक पाहण्याविषयी, शिक्षणतत्त्वज्ञ जॉन ड्युईपासून बरेच लिहिले गेले आहे, आणि १९८३ मध्ये डोनाल्ड शॉन यांनी काम करता करता होणारा विचार आणि काम संपल्यावर मागे वळून केलेला विचार असा उपयुक्त भेद केला. पहिला वर्गात आपोआप घडतो, दुसऱ्यासाठी कागद लागतो. माझ्या वहीत डावे पान जे दिसले-ऐकू आले त्यासाठी आणि उजवे पान मला काय वाटते त्यासाठी आहे. डावे पान त्याच दिवशी लिहायचे, उजवे दोन दिवसांनी.

सुरुवातीच्या आठवड्यातली माझी एक नोंद अशी आहे : 'आज तास छान झाला. मुलांनी चांगला प्रतिसाद दिला.' या नोंदीचा कुणालाही, मलासुद्धा, काडीचा उपयोग नाही. तिसऱ्या आठवड्यातली डावी नोंद : '११.४०. फळ्यावर २.८ आणि २.१७५. तिसऱ्या बाकावरचा मुलगा म्हणाला, एकशे पंच्याहत्तर मोठे. मी लगेच, नीट बघ. तो गप्प. मग पहिल्या बाकावरच्या मुलीला विचारले, तिने बरोबर सांगितले, मी पुढे गेले.' आणि दोन दिवसांनी उजव्या पानावर : 'त्याच्याकडे मी परत गेलेच नाही. नीट बघ म्हणजे चुकलास, एवढे त्याला कळले. का चुकले ते कळले नाही. बरोबर उत्तर मिळाल्याचे समाधान मला झाले, आणि त्यालाच मी शिकवणे समजले.' अशा नोंदीला सात-आठ मिनिटे लागतात. रोज जमत नसेल तर आठवड्यात तीन तास निवडून तेवढेच लिहावे, परंतु तास कोणते ते आठवड्याच्या आरंभीच ठरवावे. नाहीतर चांगले गेलेले तासच वहीत उतरतात.

एकच बदल, आणि हार कशाला म्हणायचे ते आधीच

पुरावा हाती आला की एकदम सगळे बदलण्याचा मोह होतो. मलाही शतांशांचे चौकटीचे कागद, खेळ, गटकार्य आणि थांबण्याचा अवधी हे सगळे एकाच सोमवारी सुरू करावेसे वाटले होते. तसे केले असते तर मुले सुधारली असती की नाही ते सांगता येत नाही, पण कशामुळे सुधारली ते मला कधीच कळले नसते. म्हणून बदल एकच निवडावा आणि तो कृतिपरिकल्पनेच्या रूपात, म्हणजे 'असे केले तर असे होईल' अशा, एका वाक्यात लिहावा. माझे वाक्य असे होते : 'मी आणि मुलांनी तीन आठवडे दशांश संख्या स्थानानुसार वाचल्या, म्हणजे ०.२५ ला बे दशांश पांच शतांश आणि ०.३ ला त्रण दशांश म्हटले, तर लांब ते मोठे मानणाऱ्या मुलांची संख्या घटेल.' त्याखाली दुसरे वाक्य : 'या १९ मुलांपैकी पाचांहूनही कमी जणांनी हा नियम सोडला, तर माझी कल्पना चुकली असे मी मानीन.' हे दुसरे वाक्य निकाल हाती येण्यापूर्वीच, शाईने आणि तारखेसह लिहावे.

काळ निवडताना शाळेचे पंचांग पाहावे. बडोद्यात नवरात्राच्या नऊ रात्री गरबा खेळून आलेला वर्ग सकाळी डोळे चोळत बसतो, तेव्हा त्या दिवसांत कोणतीही चाचणी ठेवू नये. उलट दिवाळीची २१ दिवसांची सुट्टी फार उपयोगाची आहे, कारण शिकलेले टिकले का, हे तपासायला असा विसरण्याचा काळ आयता मिळतो. माझी पहिली फेरी जुलै-ऑगस्टमध्ये झाली, दुसरी सप्टेंबरमध्ये, आणि अखेरची चाचणी दिवाळीनंतर.

संदर्भाच्या बाबतीत एक इशारा द्यावासा वाटतो, कारण प्रशिक्षणांत 'व्यवहारातली उदाहरणे द्या' असे सरसकट सांगितले जाते. मी खंडेराव मार्केटच्या भाजीचे उदाहरण घेतले तेव्हा मुले फटाफट बरोबर सांगू लागली आणि मी खूश झाले. नंतर लक्षात आले की इलेक्ट्रॉनिक काट्यावर नेहमी तीन स्थाने दिसतात. ०.२५० आणि ०.३०० यांत मूल २५० आणि ३०० यांचीच तुलना करते, आणि त्याचा चुकीचा नियम जसाच्या तसा शाबूत राहतो. पैशांचेही तसेच आहे. २.५ रुपयांना दोन रुपये पाच पैसे म्हणणारी मुले माझ्या वर्गात निघाली.

दुसऱ्याचे डोळे

सहकाऱ्याला तासाला बसवावे, पण 'माझा तास कसा वाटला?' असे विचारू नये. उत्तर 'सरस' असे येते. त्याला एकच काम नेमून द्यावे. मी आमच्या विज्ञानाच्या बेनना वर्गाच्या बैठकीचा नकाशा काढून दिला आणि मी ज्या मुलाला प्रश्न विचारीन त्याच्या चौकोनात एक टिंब देण्याची विनंती केली. तासाच्या शेवटी पहिल्या दोन बाकांवर टिंबांची गर्दी होती आणि खिडकीकडच्या शेवटच्या रांगेत, जिथे माझ्या 'लांब ते मोठे' गटातली सात मुले बसतात, एकच टिंब होते. त्या नकाशाने मला जे दाखवले ते कुठल्याही निरीक्षण अहवालाने दाखवले नसते. बदल्यात मी त्यांच्या दोन तासांना बसले. हा देवघेवीचा व्यवहार असला तरच पुढे चालतो.

चाचणी, मुलांचे बोलणे आणि सहकाऱ्याची नोंद अशा तीन वेगवेगळ्या बाजूंनी एकाच गोष्टीकडे पाहण्याला संशोधनाच्या भाषेत त्रिकोणीकरण म्हणतात. तिन्ही एकच सांगत असतील तर विश्वास ठेवावा. दोन एक सांगतात आणि तिसरे भलतेच, असे झाले तर तिसऱ्याकडे अधिक लक्ष द्यावे.

परवानगीविषयी थोडक्यात सांगते. मुख्याध्यापकांना आधी कळवावे, ध्वनिमुद्रणासाठी पालकांची संमती घ्यावी, नोंदींत मुलांची नावे न घालता क्रमांक घालावेत, या चाचण्यांचे गुण निकालात धरू नयेत आणि मुलांना तसे स्पष्ट सांगावे, आणि काम झाल्यावर ध्वनिमुद्रण पुसून टाकावे. वर्गाचे दोन भाग करून निम्म्यांना जाणूनबुजून जुन्याच पद्धतीने शिकवणे मला पटत नाही; तुलनेचा गट नसल्याने निष्कर्ष ढिला राहतो, तो तसा ढिला आहे असे लिहावे.

आकडे वाचणे

दुसऱ्या चाचणीत तेच आकडे घेऊ नयेत, तीच रचना घ्यावी : ०.३ व ०.२५ च्या जागी ०.६ व ०.४२, ०.७५ व ०.५ च्या जागी ०.८१ व ०.७. वर्गाची सरासरी काढण्याऐवजी प्रत्येक मूल कुठून कुठे गेले याचा तक्ता करावा. आडव्या ओळीत आधीचा गट, उभ्या स्तंभात नंतरचा. ४२ मुलांवर संख्याशास्त्राची अवजड हत्यारे चालवण्यापेक्षा हा तक्ता कितीतरी अधिक बोलतो.

माझ्या तक्त्यात सहाही जोड्या बरोबर सोडवणारी मुले ११ वरून २५ झाली. 'लांब ते मोठे' १९ वरून ६ वर आली. बी.एड.ची फाइल असती तर मी इथेच थांबून लक्षणीय सुधारणेचे वाक्य लिहिले असते. पण तक्त्याच्या एका कोपऱ्यात 'आखूड ते मोठे' गट ५ वरून ८ वर गेला होता. ओळ शोधून पाहिली तर जुन्या १९ जणांपैकी १० बरोबर झाले होते, ५ जागीच होते आणि ४ जण एका चुकीतून निघून दुसरीत शिरले होते. त्यांच्याशी बोलल्यावर कारण कळले. मी रोज 'दशांश मोठा, शतांश छोटा' असे घोकून घेत होते, आणि त्यांनी ते अक्षरशः घेतले होते. शतांश आले ना, मग संख्या लहान. सरासरी काढली असती तर ही चार मुले तिच्या पोटात गडप झाली असती.

दुसरी फेरी या चौघांपासून सुरू झाली. वाचनाची नवी पद्धत चालू ठेवली आणि तिच्यात भर घातली ती एका सुतळीची. वर्गाच्या भिंतीवर दोन खिळ्यांमध्ये बरोबर एक मीटर सुतळी ताणली, तिच्यामागे शिवणकामाची टेप चिकटवली आणि संख्या लिहिलेल्या चिठ्ठ्या कपड्यांच्या चिमट्यांनी लावायला सांगितल्या. डावे टोक ०, उजवे टोक १. ०.३ ची चिठ्ठी कुठे लावायची यावर फारशी चर्चा झाली नाही, ०.७५ ची लावताना मात्र एका मुलाचा हात ०.५ च्या डावीकडे गेला, मग थांबला, त्याने टेपवरचे सेंटिमीटर मोजले आणि चिठ्ठी घेऊन तो मुकाट्याने उजवीकडे सरकला. मी त्या वेळी काही बोलले नाही, आणि माझ्या वहीतल्या डाव्या पानांपैकी ते माझे आवडते पान आहे. ०.४ आणि ०.४० च्या चिठ्ठ्या एकाच चिमट्यात लावाव्या लागल्या तेव्हा वर्ग हसला.

दोन आठवड्यांनंतर ३३ मुले बरोबर होती आणि उरलेल्या तिन्ही गटांत तीन-तीन. दिवाळीनंतर त्या ३३ पैकी २९ जणांचे उत्तर टिकले होते. बाकी चौघांत तिघे परत 'पच्चीस'वर गेले होते, आणि सुट्टीत घरात, दुकानात, टीव्हीवर सगळीकडे 'पॉइंट पच्चीस'च ऐकू येत असल्याने मला त्याचे फारसे नवल वाटले नाही.

लिहून ठेवणे आणि पुढे देणे

अहवाल दोन पानांचा असावा. प्रश्न, आधीचा पुरावा, बदल, नंतरचा तक्ता, काय फसले, आणि पुढच्या वर्षी काय वेगळे करणार. जे फसले त्याला किमान एक परिच्छेद द्यावा, कारण दुसऱ्या शिक्षकाला त्याचाच सर्वांत जास्त उपयोग होतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत अशी अपेक्षा आहे. ते तास पडद्यावरची सरकचित्रे पाहण्यात घालवण्यापेक्षा तीन-चार शिक्षकांनी महिन्यातून एकदा एकमेकांचे असे दोन पानी अहवाल वाचण्यात घालवावेत, असे मी आमच्या शाळेत सुचवले आहे. सध्या आम्ही तिघी जमतो. विज्ञानाच्या बेन आता 'वजन' आणि 'वस्तुमान' या शब्दांमागे लागल्या आहेत, आणि मी त्यांच्या वर्गाच्या नकाशावर टिंबे देते.

सहा जोड्यांची ती चाचणी, तिच्या समांतर आकड्यांच्या दोन प्रतींसह, आठवीला गणित शिकवणाऱ्या सहकाऱ्यांना दिली आहे. सोबत एक चिठ्ठी आहे. तिच्यावर अजून गोंधळलेल्या मुलांचे हजेरी क्रमांक आहेत, प्रत्येकासमोर तो कोणत्या नियमाने चालतो ते लिहिले आहे, आणि खाली एक विनंती केली आहे की पहिले दोन आठवडे 'पॉइंट पच्चीस' म्हणू नये.